हरिण निदान ऐकतं तरी

आपल्यात परिग्रहाचा विषय निघाला की बोट आधी बायकांच्या कपाटाकडे जातं. साड्या किती, बांगड्या किती, स्टीलचे डबे किती. स्वाध्यायात बसा नाहीतर लग्नाच्या पंगतीत, उदाहरण हेच. पुरुषांचा परिग्रह म्हणजे जमीन, प्लॉट, गाडी. त्याला 'गुंतवणूक' असं भारदस्त नाव आहे. पण मैत्रिणींनो, अजून एक परिग्रह आहे ज्याला कोणीच नावं ठेवत नाही. 'छंद' म्हटलं की तो सोवळ्यात जातो, आणि वर लोक कौतुकही करतात. मी गाण्यांच्या सीड्या जमवण्याबद्दल बोलतेय.

ज्यांच्या घरी हा प्रकार नाही त्यांना वाटेल, सीडी ती केवढी, तिचा काय एवढा बाऊ! सीडी खरंच लहान असते. १२ सेंटिमीटर व्यासाची आणि एका मिलिमीटरपेक्षा जराशी जाड. पण ती ज्या प्लास्टिकच्या डबीत येते ती एक सेंटिमीटर जाड असते. आमच्या घरी ह्यांच्या वहीप्रमाणे १२१४ सीड्या आहेत. एकीला एक लावून ठेवल्या तर बारा मीटर, म्हणजे चाळीस फूट. डबीसकट एकीचं वजन साधारण शंभर ग्रॅम धरलं तर सगळ्यांचं सव्वा क्विंटलच्या आसपास भरतं. एवढं सोयाबीन घरात असतं तर आडतीला घालून मोकळी झाले असते.

आता ऐकण्याचा हिशोब करू. एका सीडीत जास्तीत जास्त ७४ ते ८० मिनिटं मावतात. आपण सरासरी एक तास धरू. रोज एक तास नेमाने ऐकायचं म्हटलं, सामायिकाला बसतो तसं, तर सगळ्या एकदा ऐकून व्हायला तीन वर्षं आणि वर चार महिने लागतात. ह्यांनी गेल्या दहा वर्षांत किती ऐकल्या? आमचा सीडी प्लेयर २०१६ साली बंद पडला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला, आतल्या काचेकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "ह्याचा पार्ट येत नाही आता." घरातल्या नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. थोडक्यात, १२१४ सीड्या आहेत आणि एकही लावायची सोय नाही. गाणी आम्ही मोबाइलवर ऐकतो.

आणि तरी २०१६ नंतर घरात ९० सीड्या आल्या आहेत. हा आकडाही वहीतलाच.

सुरुवात अर्थातच कॅसेटने झाली. तुळजापूरला ज्यांचं जाणंयेणं आहे त्यांना मंदिराच्या रस्त्यावरची ती दुकानं आठवत असतील. हळदीकुंकू, कवड्यांच्या माळा, परड्या, आणि मध्येच कॅसेटचं दुकान. प्रत्येकाचा भोंगा वेगळा. एकाकडे गोंधळ, दुसऱ्याकडे आरती, तिसऱ्याकडे नवीन सिनेमातलं काहीतरी, आणि तिन्ही एकाच वेळी कानावर. आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना घेऊन तुळजापूरला जायची जबाबदारी ह्यांची. पाहुणे रांगेत आणि हे दुकानात. मग सोलापूरला सीडीची दुकानं निघाली. लग्नाची खरेदी सोलापूरला, डोळ्यांचा डॉक्टर सोलापूरला, आणि प्रत्येक खेपेला पिशवीत खाली दडवलेल्या दोन-तीन डब्या. सासूबाई तेव्हा होत्या. त्या एकदा डबी उघडून, सीडी उलटीपालटी करून म्हणाल्या, "ह्या ताटल्यात जेवता बी येईना, अन् ह्यात तोंड पाहावं तर मधे भोक. कशाला आणायलाय रे?" ह्या प्रश्नाला ह्यांच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही.

सीडी जमवणाऱ्याचं मन समजून घ्यायचं असेल तर 'बेस्ट ऑफ' नावाचा प्रकार समजून घ्यावा लागतो. कंपनीकडे गाणी तीच. पण कधी 'सुवर्णगीतं' म्हणून, कधी 'अमर गीतं' म्हणून, कधी पावसाळ्याची म्हणून, कधी विरहाची म्हणून ती पुन्हा पुन्हा बांधली जातात. चौदा गाण्यांतली तेरा आपल्याकडे आधीच असतात. एका नव्या गाण्यासाठी पूर्ण सीडी घ्यायची. आमच्याकडे लताबाईंचं एक गाणं अकरा सीड्यांत आहे. मी म्हटलं, "अकरा वेळा ऐकलं का हो?" तर म्हणाले, "प्रत्येकीचा आवाज वेगळा आहे." मी म्हटलं, "बाई एकच, गाणं एकच, दिवस एकच, मग आवाज वेगळा कसा?" यावर त्यांनी मला अर्धा तास 'रिमास्टरिंग' समजावून सांगितलं. तेवढ्या वेळात ते गाणं सात वेळा ऐकून झालं असतं.

गीतरामायणाचंच बघा. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून त्याचं पहिलं गीत लागलं. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांची चाल. पुढे वर्षभर, आठवड्याला एक नवीन गीत, अशी ५६ गीतं झाली. लोक आठवडाभर वाट पाहायचे. रेडिओ ज्याच्या घरी त्याच्या ओसरीवर जमायचे, शब्द उतरवून घ्यायचे. आठवड्याला एक गीत! आणि त्या पिढीला ५६ च्या ५६ तोंडपाठ. आमच्या घरी गीतरामायण कॅसेटवर आहे, सीडीवर आहे, एमपीथ्री सीडीवर आहे, पेनड्राइव्हवर आहे. ह्यांना विचारा तिसरं गीत कोणतं. वही काढतील.

हा माझा मुख्य मुद्दा आहे, म्हणून जरा थांबते. जमवणाऱ्याचं सुख ऐकण्यात नसतं, 'आहे' यात असतं. कुठेतरी विषय निघतो, अमुक सिनेमातलं तमुक गाणं. हे ताडकन उठतात. कपाटापाशी जातात, बोट फिरवत फिरवत नेमकी ती डबी काढतात, मागची यादी वाचतात, "आहे" म्हणतात, आणि परत जागेवर ठेवतात. चेहऱ्यावर समाधान असं की जणू गाणं ऐकून झालं. पाहुणे बिचारे वाट बघत असतात की आता लागेल.

पंचेंद्रियांच्या आसक्तीची पाच उदाहरणं आपण लहानपणी पाठशाळेत शिकलो. स्पर्शासाठी हत्ती खड्ड्यात पडतो, चवीसाठी मासा गळाला लागतो, वासासाठी भुंगा कमळात अडकतो, रूपावर पतंग दिव्यात झेप घेतो आणि गाण्यासाठी हरिण पारध्याच्या हाती सापडतं. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही ह्या पाचांत बसत नाही. हरिण निदान ऐकतं तरी!

बरं, शास्त्रात ह्याला नेमकं कुठे बसवायचं, हाही एक गमतीचा प्रश्न आहे. बाह्य परिग्रह दहा: शेत, घर, चांदी, सोनं, गोधन, धान्य, दासी, दास, कपडेलत्ते आणि भांडी. सीडी ह्यांपैकी कशात? सासूबाईंच्या हिशोबाने ती ताटली, म्हणजे भांड्यांत गेली. ह्यांचं म्हणणं, "संगीताला वजन नसतं, ते परिग्रहात येतच नाही." हे मी फडक्याने डब्या पुसत असताना म्हणाले. संगीताला वजन नसेल, धुळीला असतं. आणि आपल्याकडची धूळ तुम्हाला सांगायला नको. मार्च ते जून खिडकी उघडायची सोय नाही, न उघडावं तर उकाडा.

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर केलेली नाही, मूर्च्छेवर केली आहे. वस्तूत जीव अडकणं म्हणजे परिग्रह. ही व्याख्या जितकी खोल तितकीच पळवाट काढणाऱ्यांच्या सोयीची. "माझी मूर्च्छा नाही, फक्त संग्रह आहे," असं म्हणायला माणूस मोकळा. पण परीक्षा सोपी आहे. एखादी सीडी उसनी मागून बघा. आमच्या शेजारच्या काकांनी २००७ साली एक नेली होती, भावगीतांची. आजपर्यंत परत आलेली नाही. काकांच्या मुलाचं लग्न झालं, नातवंडं झाली, काका बायपास करून आले. हे भेटायला गेले, फळं दिली, तब्येतीची चौकशी केली, आणि निघताना दारात चपला घालता घालता, "ती सीडी सापडली का हो?" ह्याला मूर्च्छा नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

अर्थात चौदा अंतरंग परिग्रहांची यादी काढली की मलाही जरा जपून बोलावं लागतं. त्यात क्रोध, मान, माया, लोभ तर आहेतच, पण पुढच्या नऊ नोकषायांत पहिलंच नाव 'हास्य' आहे. म्हणजे ह्यांच्या सीड्या बाह्य परिग्रहात आणि त्यांच्यावरचं माझं हसणं अंतरंगात. हे वाक्य ह्यांना सापडलं तेव्हा त्यांनी पुस्तकात खूण घालून ठेवली.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. मधल्या काळात एसटी स्टँडसमोर फुटपाथवर प्लास्टिकच्या पातळ पाकिटात सीड्या मिळायच्या. एकीत दीडशे गाणी, किंमत तीस रुपये, वरचं चित्र झेरॉक्सचं. ह्यांनी त्याही भरपूर घेतल्या. मग एका चातुर्मासात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांवर प्रवचन झालं. स्वतः चोरी न करता चोरीचा माल घेणं हा अतिचार, आणि खऱ्यासारखी नक्कल करून विकणं हाही अतिचार. हे घरी आले, त्या सगळ्या सीड्या वेगळ्या काढल्या आणि पुन्हा एकही घेतली नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या आचार्यांनी फुटपाथवरच्या एमपीथ्रीचा विचार करून ठेवला होता, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. वेगळ्या काढलेल्या सीड्यांचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

२०१७ साली सारेगामाचं ते कारवां नावाचं रेडिओसारखं यंत्र आलं. आत पाच हजार गाणी भरलेली. ना सीडी, ना इंटरनेट, बटण दाबलं की सुरू. मुलाने मोठ्या आशेने वडिलांच्या वाढदिवसाला आणलं. त्याला वाटलं आता कपाट रिकामं होईल. ह्यांनी गाण्यांच्या यादीचं पुस्तक घेतलं, चष्मा लावला, आणि दोन दिवस बसून आपल्याकडची कोणती गाणी त्यात नाहीत ते शोधून काढलं. तीनशेच्या वर निघाली. "बघ," म्हणाले, "म्हणून सीडी लागते." मग त्या यंत्रावर गाणी कोण ऐकतं? मी. पोळ्या लाटताना.

मी जास्त बोलले की ह्यांच्याकडे ब्राझीलचं उदाहरण तयार असतं. तिथे साओ पाउलोला झेरो फ्रेइतास नावाचे एक बसमालक आहेत. त्यांनी जगभरातून लाखो ग्रामोफोन रेकॉर्ड गोळा केल्या आहेत. दुसऱ्यांचे पूर्ण संग्रहच्या संग्रह विकत घेतात, आणि नोंदी करायला विद्यार्थी कामाला ठेवतात. "त्यांच्यापुढे मी कोण?" असं हे नम्रपणे म्हणतात. मी म्हणते, त्यांच्याकडे बसगाड्या आणि गोदामं आहेत. आपल्याकडे एक कपाट, दोन दिवाणांची पोटं आणि माझ्या लोणच्याच्या बरण्यांची मागची फळी आहे.

आता इतका वेळ हसलो, तर दुसरी बाजू. मला जमवणारी माणसं नकोशी वाटतात असं नाही. आपल्याच जिल्ह्यात तेरला जा. महावीरस्वामींचं दर्शन घ्या, गोरोबाकाकांच्या समाधीवर जा आणि मग लामतुरे संग्रहालय बघा. रामलिंगप्पा लामतुरे हे गावचेच गृहस्थ. तेरच्या मातीत पावसाळ्यानंतर वर येणारे मणी, नाणी, खापरं, मातीच्या मूर्ती ते वर्षानुवर्षं गोळा करत राहिले. गावातल्या बायकांनी त्यांना काय काय म्हटलं असेल याची मी कल्पना करू शकते. त्याच संग्रहावर आज सरकारी संग्रहालय उभं आहे. सातवाहनांच्या काळात ह्या गावाचा व्यापार रोमपर्यंत होता हे आज कुणीही तिथे जाऊन डोळ्यांनी बघू शकतो. त्यांनी जमवलं आणि देऊन टाकलं. फरक इथे आहे.

गाण्यांतही तसंच. हिंदुस्थानात १९०२ साली ध्वनिमुद्रण सुरू झालं, गौहर जानसारख्या गायिकांचे आवाज तेव्हा तबकडीवर चढले. त्या काळच्या अनेक तबकड्या आज ऐकायला मिळतात त्या कंपन्यांनी जपल्या म्हणून नाही. कुणीतरी वेड्यासारख्या घरात साठवल्या, जुन्या बाजारातून उचलून आणल्या, म्हणून. मुंबईत १९९० साली अशा लोकांची एक संस्थाच निघाली, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. सुरेश चांदवणकरांनी तिचं काम वर्षानुवर्षं पाहिलं. ही मंडळी जमतात, तबकड्या लावतात, चार लोकांना ऐकवतात, त्यांच्याबद्दल लिहितात. ह्याला मी परिग्रह म्हणणार नाही.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण तर आपल्या कुंथलगिरीचं. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथे सल्लेखना घेतली. १४ ऑगस्टपासून १८ सप्टेंबरपर्यंत, ३६ दिवस. सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबरला, त्यांनी मराठीतून शेवटचा उपदेश केला. साधारण बावीस मिनिटांचा. तो ध्वनिमुद्रित झाला आणि आज ऐकायला मिळतो. मला ह्या गोष्टीचं फार नवल वाटतं. ज्यांच्याजवळ पिंछी आणि कमंडलू यांच्यापलीकडे काहीच नव्हतं, अन्नही सोडलं होतं, त्यांचा आवाज आपल्यापर्यंत आला तो कुणाच्या तरी यंत्रामुळे, कुणाच्या तरी फितीमुळे, कुणीतरी ती जपून ठेवल्यामुळे. अपरिग्रहाचा उपदेश पोचवायलाही कुठेतरी एक संग्रह करणारा लागला. गीतरामायण आणि हा उपदेश एकाच वर्षातले, हे मला परवा लिहिताना लक्षात आलं.

हा उपदेश आमच्या घरी चार सीड्यांवर आहे. प्रभावनेत मिळालेल्या. हल्ली पंचकल्याणक असो, विधान असो, प्रभावनेत सीडी वाटायची मध्यंतरी पद्धतच पडली होती. भक्तामरच्या सीड्या आमच्याकडे नऊ आहेत. वाटणाऱ्याला पुण्य, घेणाऱ्याला डबी. त्या चारांपैकी एकीचंही प्लास्टिक ह्यांनी फोडलं नव्हतं. "संग्रहात न उघडलेली सीडी जास्त चांगली," म्हणे. मी मोबाइलवर शोधून ऐकला तो उपदेश, दशलक्षणात, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी. दोनदा ऐकला.

यावरून मला खरं जे सांगायचं आहे तिथे येते. दुकानात मिळालेली सीडी हरवली तर काही बिघडत नाही. ते गाणं शंभर ठिकाणी आहे. पण प्रत्येक घरात एखादी सीडी अशी असते जी जगात एकच असते. साखरपुड्याची, आजोबांच्या बोलण्याची, कुणाच्या तरी भजनाची. कॅसेटवरून कधीतरी सीडीवर उतरवून आणलेली. आमच्या सासूबाई महावीर जयंतीला पाळणा म्हणायच्या. बालमहावीरांचा पाळणा हलवताना बायका म्हणतात ती गाणी, जुन्या चालीची, त्यांना त्यांच्या आईकडून आलेली. कुठल्याच पुस्तकात नाहीत. १९९७ साली भाच्याने टेपरेकॉर्डरवर ती घेतली. २००५ मध्ये सीडी करून आणली. अकरा गाणी. मध्येच कुकरची शिट्टी आहे, आणि एका ठिकाणी त्या थांबून "बंद कर की आता" म्हणतात. २०११ साली सासूबाई गेल्या.

गेल्या वर्षी दिवाळीची आवराआवर करताना ती सीडी मला सापडली. किशोरकुमारच्या डबीत. १२१४ सीड्यांच्या वहीत तिची नोंद नव्हती, कारण वहीत कंपनी, वर्ष, किंमत असे रकाने आहेत, आणि हिला ह्यांपैकी काहीच नाही. वर बॉलपेनने 'आई' एवढंच लिहिलेलं.

घरी कोरलेल्या सीडीचं एक असतं, जे मला तेव्हा कळलं. कारखान्यातल्या सीडीत गाणं बारीक खड्ड्यांच्या रूपात दाबून उमटवलेलं असतं. ते टिकतं. घरच्या सीडीत एका रंगाच्या थरावर लेझरने खुणा केलेल्या असतात. तो रंग उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने विटतो. आणि तो थर चकाकत्या बाजूला नसतो, वर लिहायच्या बाजूला असतो, जेमतेम लाखेच्या मुलाम्याखाली. आपण चकाकती बाजू जिवापाड जपतो आणि नाजूक बाजूवर बॉलपेनने दाबून नाव लिहितो, नाहीतर कागद चिकटवतो. शिवाय सीडी मधून बाहेर वाचली जाते. कडेचा भाग, जिथे बोटं लागतात, तो सगळ्यात शेवटी. म्हणून अशी सीडी सुरुवातीला छान वाजते आणि पुढे अडते.

आमची तशीच झाली. पुण्याच्या पुतण्याकडे जुना संगणक होता. त्याने सीडी पुसून, थंड वेळी, पुन्हा पुन्हा लावून जेवढं निघालं तेवढं काढलं. अकरातली सात गाणी आली. आठवं दोन ओळींनंतर खरखरतं आणि संपतं. राहिलेल्यांपैकी दोन थोरल्या वन्संना अर्धीमुर्धी येतात. उरलेली आता कुणालाच येत नाहीत. हे त्या दिवशी बराच वेळ कपाटासमोर बसून होते. मीही काही बोलले नाही.

म्हणून मैत्रिणींनो, ज्यांच्या घरी असा संग्रह करणारा माणूस आहे, भाऊ असो, नवरा असो, सासरे असोत, त्यांच्या मागे एका कामासाठी लागा. बाकीचं राहू द्या. "टाकून द्या सगळं" म्हणू नका. हल्ली ते नवीन शास्त्र निघालंय, दोन वर्षं हात लावला नाही की वस्तू फेकायची. मला ते पटत नाही. फेकून पुन्हा नवीन आणायला जागा करणं हा काही त्याग नाही, आणि प्लास्टिक गावाबाहेर जाऊन पडतं तिथे ते कुजतही नाही. फक्त एवढं करा, की घरात जी एकुलती एक आहे ती आधी शोधा. बॉलपेनने लिहिलेल्या सीड्या सगळ्या बाजूला काढा. कुठेतरी चालणारा ड्राइव्ह सापडतोच, कुणाच्या तरी ऑफिसात, नाहीतर शंभर-दोनशे रुपये घेऊन काढून देणाऱ्या एखाद्या फोटो स्टुडिओत. काढलेलं दोन ठिकाणी ठेवा आणि नातेवाइकांना पाठवून द्या. 'सुप्रभात'चे फोटो पाठवतोच की आपण. आणि सीडीवर लिहायचं असेल तर सीडीसाठीचं मऊ टोकाचं मार्कर वापरा. हे काम उन्हाळ्याच्या आत करा.

ते झालं की मग उरलेल्यांचं परिमाण ठरवा. गृहस्थाला सर्व सोडायला कुणी सांगितलेलं नाही, मर्यादा घालायला सांगितली आहे. ह्यांनी सोन्याचं परिमाण घेतलं आहे, गाड्यांचं घेतलं आहे. सीड्यांचं घ्या म्हटल्यावर आधी १५०० म्हणाले. म्हणजे आहे त्यापेक्षा २८६ जास्त! व्रत घ्यायचं आणि खरेदीची परवानगीही मिळवायची, अशी हुशारी आपल्याच समाजात सापडेल. शेवटी घासाघीस होऊन ३०० वर आलो. निवड चालू आहे. अकारविल्हे चालू असल्यामुळे सध्या गाडी 'आशा भोसले'वर अडली आहे, दोन महिने झाले.

आणि त्या फुटपाथवरच्या एमपीथ्री सीड्या? त्या कळंब तालुक्यात धाकट्या दिरांच्या शेतावर आहेत. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं तुटून पडतात, गोफण मारायला आमच्या घरात कुणाचं मन होत नाही. सीडीला दोरी बांधून काठीला टांगली की वाऱ्याने फिरते, ऊन तिच्यावरून चमकतं आणि पाखरं बुजतात, त्यांना इजा काही होत नाही. सगळं रान लखलखतं. भाऊजी म्हणतात फायदा झाला. हे स्वतः जाऊन टांगून आले, आणि कोणत्या तासात कोणती सीडी आहे, ते वहीत लिहून ठेवलं आहे.